आठ चुलींची पेटी

सौ. विहीणबाईंस,

. . . . नमस्कार.

(नमस्काराच्या आधी जी चिमूटभर जागा कोरी दिसते आहे, तिथे ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पत्र लिहून होईपर्यंत तो शब्द मनात तयार झाला तर भरीन, नाही झाला तर जागा तशीच राहील. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, खोटं लिहिण्यापेक्षा कोरं सोडावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांची सिगारेटही गेली नसणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आणि तुमच्या घरात तर डॉक्टर जन्मालाच आली आहे. ते तिचं ऐकत नाहीत असं ती म्हणते. माझंही इथे कोणी ऐकत नाही. आमच्या ह्यांनी तर ऐकायचं यंत्रच कानातून काढून ठेवायची सवय लावून घेतली आहे. मी तोंड उघडलं की यंत्र डबीत आणि हे पेपरात. असो. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, ऑपरेटर म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, जगाची बोलणी जोडून दिली. पण दोन्ही बाजूंनी एकटीच बोलणारी बाई मला तुमच्याच रूपाने भेटली. पत्रात मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा गुडघ्याखाली उशी घ्या आणि वाचा.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या लेकीने तुम्हाला फोनवर सहज सांगितलं म्हणे, की सासूबाईंनी माझं गिटारचं सामान आवरलं आणि बाबांनी दिलेली निळी डबी जळाली. त्यावर तुम्ही, तितक्याच सहज, तुमची वरच्या मजल्यावरची रिकामी खोली तिला देऊ केलीत. तिची यंत्रं तिथे सुखरूप राहतील, तुम्हालाही घरात शांतता मिळेल, आणि कधी उशीर झालाच तर दोघं तिथेच झोपतील, असं तुम्ही लिहिलंत. यातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी यंत्रं जातात, मग गादी जाते, मग माणसं जातात. मी काही काल जन्मले नाही. खोलीबद्दल माझं उत्तर पत्राच्या शेवटी आहे. उडी मारून तिथे जाऊ नका (तुम्ही जालच, पण सांगायचं काम माझं). आधी काय झालं ते माझ्या तोंडून ऐका, कारण तुम्ही ऐकलंत ते एका बाजूचं, आणि एका बाजूचं ऐकून लाइन जोडली की काय होतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा, एक गिटार आणि एक काळी लांबट पेटी आली. पेटी उचलताना चिरंजिवांची कंबर धरली, तेव्हा मला वाटलं आत भांडी असतील. चला, मुलगी संसाराच्या तयारीने आली. उघडली तर आत पाटाएवढी लोखंडी फळी, आणि फळीवर साबणाच्या वड्यांएवढ्या रंगीत डब्या ओळीने चिकटवलेल्या. त्यांना पेडल म्हणतात. गिटारचा आवाज एका डबीतून दुसरीत जातो आणि जाता जाता प्रत्येक डबी त्याचं काहीतरी करते: एक त्याला घोगरा करते, एक लांबवते, एक विहिरीत सोडते. या डब्या पायाने दाबायच्या असतात. (सुनेने पायाने चालवायची वस्तूच आणायची होती तर शिलाई मशीन आणायचं, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं हे मला माहीत आहे, कारण पुढच्याच भेटीत तुम्ही मला, तुम्हाला शिलाई येते का हो, असं फार गोड आवाजात विचारलंत.) फळी बैठकीच्या खोलीत खिडकीखाली गेली, जिथे माझी कुंडी होती. कुंडी बाल्कनीत गेली. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण कुंडीशी. दिवसभर इस्पितळात भूल देऊन माणसं झोपवायची आणि संध्याकाळी घरी येऊन शेजारी जागे करायचे, हा कसला हिशोब, एवढंच विचारलं. कुंडीला पटलं.

आता माझं ऐका. मी अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नसेल तर मी सांगितलेलं तुम्ही ऐकलं नव्हतं. शाळेत पठणाचं पदक माझ्या नावावर आहे. श, ष आणि स वेगळे काढणाऱ्या बायका आता फार उरल्या नाहीत. त्यासाठी माझ्या खोलीत एक माइक, एक छोटा रेकॉर्डर आणि वहीएवढा एक मिक्सर आहे (वाटण करायचा नव्हे, यात आवाज घालतात). त्या मिक्सरला भिंतीतून वीज आणणारा अडॅप्टर एके दिवशी मेला. ह्यांची खुर्ची त्याच्या वायरीवरून रोज पुढेमागे जात होती, तेव्हा त्याला मेला म्हणण्यापेक्षा मारला म्हणणं बरोबर. मी सुनेला विचारलं नाही. ज्या बाईला कुंडीची जागा दिली तिलाच आता विजेचं विचारायचं? मी तडक बाजारात विजेच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक गोल चक्कर असलेला अडॅप्टर काढून दिला. चक्कर फिरवली की हवे तेवढे व्होल्ट. शिवाय, लागेल कधीतरी म्हणून, एकीला पाच तोंडं फुटलेली एक वायर गळ्यात मारली. मी विचारलं, हा माझ्या मिक्सरला चालेल का? तो म्हणाला, बसतोय ना? मग झालं. आणि मला ते पटलं. विहीणबाई, एक्स्चेंजच्या बोर्डावर कोणतीही दोरी कोणत्याही भोकात बसायची आणि बसली की बोलणं चालू व्हायचं. तीच तर त्या बोर्डाची थोरवी होती. बसतंय ते चालतं, या श्रद्धेवर मी पेन्शन मिळवलेली आहे.

मिक्सर चालला. मी तीन प्रकरणं वाचून पाठवली. वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. आधी माझ्या वाचनाची स्तुती केली (तिथेच मी सावध व्हायला हवं होतं) आणि मग अगदी हळू विचारलं, तुमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का हो? ऐकणाऱ्यांनी विचारलंय. मी रेकॉर्डिंग लावून ऐकलं. माझ्या एकेका स्वच्छ ‘ष’च्या मागे अखंड ऊंऊंऊं. नायिका मरते आहे आणि मागे गिरणी चालू. पदकविजेतीला गिरणीवालीच्या रांगेत बसवलं त्या अडॅप्टरने. मी खिडक्या लावून पाहिलं, पंखा बंद करून पाहिलं, फ्रिज बंद केला (दूध नासलं, त्याचं खापर ह्यांच्यावर फोडलं), गिरणी काही थांबेना.

ते भिंतीपलीकडून तुमच्या लेकीने ऐकलं. दारात उभी राहून म्हणाली, मी बघू का? मी म्हटलं, बघ, फुकट आहे. तिने काय केलं असेल? आधी भिंतीतलं बटण बंद केलं. मग मिक्सर उताणा केला, खिशातून टॉर्च काढला आणि पोटावरचं बारीक लेबल शोधलं. मग मला म्हणाली, “आई, मी वाचते, तुम्ही मागून म्हणा.” मी म्हटलं, मी काय बालवाडीत आहे? तर म्हणाली, ऑपरेशन थिएटरमध्ये असंच करतात. नाव, वजन, कशाची ॲलर्जी, कुठला पाय. एकाने मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने मागून म्हणायचं, आणि ते झाल्याशिवाय ती कोणाला भूल देत नाही, मग सर्जन कितीही घाईत असो. उजव्याऐवजी डावा पाय कापल्यावर सॉरी म्हणून भागत नाही.

आता हे मी कबूल करणार नव्हते, पण पत्र आहे, तुमचा चेहरा समोर नाही, म्हणून लिहिते: मला त्या क्षणी माझा एक्स्चेंजचा बोर्ड आठवला. आम्हीही नंबर मागून म्हणायचो. गिऱ्हाइकाने सांगितला की मोठ्याने परत म्हणायचा, मगच दोरी लावायची. निवृत्त झाल्यापासून या घरात माझं बोलणं कोणी मागून म्हटलं नव्हतं. पुढून म्हणायलाही कोणी तयार नव्हतं. मी ताठ बसले आणि म्हटलं, वाच. तिने वाचलं, मी मागून म्हटलं: बारा व्होल्ट. डीसी. मध्ये प्लस. दोनशे मिलीअँप. (माझे उच्चार ऐकून ती म्हणाली, आई, तुम्ही थिएटरमध्ये असतात तर सर्जन घाबरले असते. ती थट्टा होती का, अजून ठरवलेलं नाही.)

मग तिने मला प्रत्येक गोष्ट समजावून दिली, आणि तुमच्यासारखी मध्येच दुसरीकडे न जाता. व्होल्ट म्हणजे औषधाचा डोस. लेबलावर बारा तर बाराच, अंदाजे नाही. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, एसी म्हणजे पुढेमागे हेलकावणारी, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मिलीअँप म्हणजे भूक. जेवणारा लागेल तेवढंच खातो, पातेल्यात जास्त असलं तर बिघडत नाही, कमी असलं तर तो अर्धपोटी राहून कुरकुरतो. पिन बाहेरून सारख्या दिसतात, पण काहींच्या मध्ये प्लस असतं आणि काहींच्या मध्ये मायनस, आणि हे पिनेच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. बसतंय याला काहीही अर्थ नाही, आई, म्हणाली; चुकीच्या पेशंटच्या हातातही सुई बसतेच. माझ्या पेन्शनच्या पायावरच तिने घाव घातला, पण इतक्या शांतपणे की मला रागवायची फट मिळेना. दुकानदाराच्या अडॅप्टरची चक्कर तर नऊ आणि बाराच्या मध्ये अडकलेली निघाली, आणि गिरणी त्याच्याच पोटात होती. स्वस्त अडॅप्टरची वीज गढूळ असते म्हणे.

आणि मग तिने मला तिच्या फळीखाली काय आहे ते दाखवलं. मला वाटत होतं त्या डब्यांना प्रत्येकी एक अडॅप्टर असेल. छे. फळीच्या पोटात एक चपटी काळी पेटी आहे. भिंतीतून एक वायर तिच्यात जाते आणि तिच्या कडेला ओळीने आठ तोंडं आहेत. सहा नऊ व्होल्टची, तिच्या डब्यांसाठी. शेवटच्या दोघांना बारीक खटका आहे, नऊ किंवा बारा, आणि त्यांचं पातेलंही मोठं आहे. सातव्यावर तिची एक बारा व्होल्टची डबी होती, आठवं रिकामं होतं. तिने खटका बारावर केला, आणि एक वीतभर वायर काढली जिच्यावर लाल दोरा बांधलेला होता. पेटीतून सगळं मध्ये मायनस येतं आणि माझ्या मिक्सरला मध्ये प्लस लागतं. ही वायर मधल्या मध्ये उलटंसुलटं करते. लाल दोरा म्हणजे उलटी, म्हणाली, आणि ही दुसऱ्या कशालाही कधीच लावायची नाही. ती लावून, पुढे एक लांब वायर जोडून दाराखालून माझ्या खोलीत आणल्यावरही तिने लगेच मिक्सर जोडला नाही. मीटर काढून टोकाला किती येतंय, कुठल्या दिशेने येतंय ते मोजलं. मग जोडला. मी म्हटलं, रेकॉर्डरही लाव की एखाद्या तोंडाला. तो पाच व्होल्टचा आहे, इथे पाच नाही, तो सेलवरच राहू दे, म्हणाली. मी म्हटलं, नऊवर लाव, जरा जोरात चालेल. ऑपरेशनच्या सकाळी भरपेट नाश्ता करून आलेल्या पेशंटकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

कानाला हेडफोन लावला. विहीणबाई, शांततेतही प्रत असते. ती जी शांतता होती, तिच्यात मला माझी बांगडी ऐकू आली. मी म्हटलं, पण तू गिटार वाजवशील तेव्हा तुझा गोंधळ याच पेटीतून माझ्या पुस्तकात नाही का येणार? तर ती म्हणाली, नाही, आठही तोंडं आतून वेगळी आहेत. दुकानदाराने दिली ती पाच तोंडांची वायर म्हणजे एकत्र कुटुंब आणि एकच चूल: एकाने कुरकुर केली की सगळ्यांच्या कानात. ही पेटी म्हणजे एक छप्पर आणि आठ चुली. “कोणाचा धूर कोणाच्या डोळ्यात जात नाही, आई.” असं म्हणून पाच तोंडांची वायर तिने केराच्या टोपलीत टाकली. मी त्या वाक्यावर बराच वेळ विचार करत होते. इतक्या घरांची लग्नं, वाटण्या, अबोले मी लाइनवर ऐकले (ऐकायचे नसतात, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत, ते फक्त ह्यांना जमतं), पण हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती इस्पितळातून आली की आधी माझं वाचन व्हायचं, मग तिने वाजवायचं, आणि मी वाचायला बसण्याआधी लेबल म्हणायचं. ती विचारणार, आठ? मी म्हणणार, बारा व्होल्ट, डीसी, लाल दोरा. हा आमचा नेम झाला. तिच्याबरोबर वाजवणाऱ्या ग्रुपमधला दातांचा डॉक्टर एकदा एसीवर चालणारी कसलीशी डबी घेऊन आला आणि म्हणाला, आजच्यापुरतं लावू ना, काय होतंय. ती नाही म्हणायच्या आधी मी स्वयंपाकघरातून म्हटलं, इथे फक्त डीसी मिळतं. त्याचं तोंड उघडं राहिलं. दात बरे आहेत त्याचे.

आता आवरण्याचं. तुमच्या पत्रात तुम्ही ‘आवरलं’ या शब्दाभोवती जी अवतरणचिन्हं घातली आहेत ती मी पाहिली. ऐका. आमच्या शाळेत भरतकामाच्या सिस्टर कापड आधी उलटं करून बघायच्या. पुढून मोर कितीही सुंदर असो, मागे गाठी आणि लोंबते धागे दिसले की सगळं उसवायला लावायच्या. उलटी बाजू सुलटीइतकी नीट नसेल तर ते काम नव्हे, पाप आहे, असं मनावर कोरलं गेलंय. त्या दिवशी सून ड्यूटीवर होती, माझी सुई तिच्या फळीखाली गेली, म्हणून मी फळी उचलून उभी केली, आणि मला उलटी बाजू दिसली. वायरींचं घरटं. आणि त्यांवर कुठे लाल दोरा, कुठे पिवळा, कुठे हिरवा, तोही भरताचा नव्हे, पुड्याचा, तेलकट, टोकं सुटलेली. लाल म्हणजे काय ते मला माहीत होतं ना, असं तुम्ही म्हणाल. होतं. पण लाल मी एकच पाहिला होता, माझ्या मिक्सरचा. आणि घाणेरडे दोरे एकदा कापायला लागले की हात रंग बघत नाही. मी सगळ्या वायरी काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, वाळवल्या, लांबीप्रमाणे लावल्या आणि पांढऱ्या फितीने बांधून सुबक परत बसवल्या. सगळ्या सगळीकडे बसत होत्या. पाहून सिस्टरांनी मला जवळ घेतलं असतं.

मग माझी वाचनाची वेळ झाली, तरी सून आली नव्हती. मी मिक्सरचं लेबल म्हटलं, नेमाप्रमाणे, फक्त मागून म्हणायला घरात कोणी नव्हतं. आणि बटण दाबलं. मिक्सरचा दिवा लागला नाही. बैठकीतून मात्र एक वास आला. प्लास्टिकचा चहा केला तर येईल तसा. माझी उलटी वायर निळ्या डबीत गेली होती. व्याहीबुवांच्या निळ्या डबीत.

ती आली तेव्हा मी दारातच सांगितलं. (लपवणं हे आमच्या शाळेत शिकवलेलं नाही, आणि वास लपणारा नव्हता.) खरं सांगते, मला ती भांडायला हवी होती. माझी उत्तरं तयार होती: फळी बैठकीत का, दोरे पुड्याचे का, कुंडी कुठे आहे माझी. तिने पर्स ठेवली, भिंतीतलं बटण बंद केलं, चप्पलही न काढता जमिनीवर बसली, फळी उताणी केली आणि माझ्या फिती बघितल्या. मग म्हणाली, “आई, आज तुम्ही वाचा. मी मागून म्हणते.”

मी भिंग आणलं. एकेक डबी उलटी करून मी वाचलं आणि तिने मागून म्हटलं. वायर, तोंड, खटका, मीटर, प्रत्येकाचं. निळी डबी आली तेव्हा तिने ती मांडीवर घेतली, आणि मला वाटलं आता तरी ही वगळेल, मेलेल्या पेशंटचं काय नाव विचारायचं. तिने लेबल माझ्याकडे केलं. मी वाचलं: नऊ व्होल्ट, डीसी, मध्ये मायनस. तिने मागून म्हटलं, आणि मग एवढंच म्हणाली, “बाबांनी दिली होती.” यापेक्षा तिने मला दोन शब्द ऐकवले असते तर मी रात्री जेवले असते.

पण व्याहीबुवांना सांगा, जीव घाबरा करून घेऊ नका, डबी जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी तिने ती जेवणाच्या टेबलावर उघडली. आत मिऱ्याएवढा एक काळा तुकडा जळून फुटला होता, बाकी सगळं धड. तो तुकडा बनवणाऱ्याने मुद्दाम घातलेला असतो म्हणे: वीज उलटी आली की तो ती स्वतःवर घेतो, जळतो, आणि घरातल्या बाकीच्यांना वाचवतो. सगळ्याच डब्यांत नसतो, नशीब म्हणा. मी म्हटलं, प्रत्येक घरात असा एक असतोच. हे पेपरामागून म्हणाले, हो, मी. (म्हणजे यंत्र कानात होतं. म्हणजे ते रोज किती ऐकतात याचा आता नव्याने विचार करायला हवा.) तिने नवा तुकडा आणला आणि स्वतः डाग देऊन बसवला. हात असा स्थिर, की मला कधी भूल घ्यायची वेळ आली तर तिच्याशिवाय कोणाकडून घेणार नाही, हे मी ह्यांना सांगून ठेवलं आहे, तिला नाही. निळी डबी पूर्वीसारखाच आवाज विहिरीत सोडते. माझा मिक्सरही त्याची वायर परत मिळताच चालू झाला.

दोरे मी परत बांधून दिले. या वेळी भरताचे, पक्क्या रंगाचे, दुहेरी गाठीचे: उलट्या वायरीला लाल, सातव्याच्या बारा व्होल्टवाल्या वायरीला पिवळा, आणि तिच्या बाकीच्या डब्यांच्या वायरींना ज्या त्या डबीचा रंग. उलटी बाजू आता अशी आहे की सिस्टरही पास करतील आणि पेटीही. ती बघून सून म्हणाली, “आई, हे तर मला सुचलंच नव्हतं.” हे वाक्य मी इथे केवळ माहितीसाठी लिहिते आहे.

तर आता खोलीचं. तुमचं पत्र आलं तेव्हा तिने मला विचारलं, आई, काय करू? मी म्हटलं, जा की, मला काय विचारतेस, खोली तुझ्या आईची, यंत्रं तुझी. ती बरं म्हणाली आणि ड्यूटीवर गेली. तेव्हा माझं उत्तर तेच आहे. खोली झाडून घ्या. फळी नेऊ दे, पेटी नेऊ दे. माझी कुंडी पुन्हा खिडकीखाली येईल, घरात शांतता नांदेल आणि हे आनंदाने बहिरे होतील. माझ्या मिक्सरचं मी बघून घेईन, बाजारात अडॅप्टरना तोटा नाही. माझी काहीही हरकत नाही, हे सूनबाईंनाही दाखवलंत तरी चालेल.

आपली,
विहीण

ता. क. हे वरचं सूनबाईंना दाखवलंत तरी चालेल. हे खालचं दाखवू नका. तुमच्या वरच्या खोलीला ओल आली आहे असं तिला कळवा. उत्तरेकडच्या भिंतीला म्हणा, तिकडे कोणी हात लावून बघत नाही. ओल यंत्रांना वाईट असते आणि ती लेबलं मानणारी मुलगी आहे, लगेच ऐकेल. मी तिला ‘जा की’ म्हणून बसले आहे, माझ्याने ते आता गिळवत नाही. सिस्टरांनी सगळं शिकवलं, तेवढं राहिलं. तुम्हाला खोटं बोलणं जड जात असेल तर एक बादली पाणी ओता, म्हणजे खरं होईल.

आणखी एक ता. क. ओलीचं कळवणं जिवावर येत असेल तर हे लक्षात घ्या की माझं एक पुस्तक अर्धं वाचून झालंय, नायिकेला अजून मरायचंय, आणि ती गिरणीच्या आवाजात मेलेली मी खपवून घेणार नाही. एका छपराखाली आठ चुली सुखाने पेटतात हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आठवी माझी आहे. ती तुमच्या वरच्या मजल्यावर नेऊन कशी चालेल?

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फाडून परत उघडलं आहे. सून आत्ताच घरी आली. इतकं जाड पत्र कोणाला, विचारलं. मी म्हटलं, वाचनालयाला. ती चप्पल काढता काढता म्हणाली, आईला लिहिताय ना, मग तिला सांगा की खोली नको, मीच तिला उद्या सांगणार होते. मी म्हटलं, का गं, चांगली मोठी खोली आहे, उजेडाची आहे. तर म्हणाली, “तिथे मी लेबल वाचलं तर मागून कोण म्हणणार?” आणि फळीपाशी वाकून, माझा खटका तपासत, नेहमीच्या आवाजात विचारलं, “आठ?”

मी म्हटलं, बारा व्होल्ट, डीसी, लाल दोरा. उच्चार जरा बिघडला. तिने काही दाखवलं नाही.

तरीसुद्धा ओलीचं तुम्ही कळवाच. एकदा म्हणून भागत नाही, दुसऱ्याने मागून म्हटलं की मगच ते पक्कं होतं. तुमच्याच लेकीची शिकवण आहे. आणि वर नमस्काराच्या आधी मी जागा फारच कमी सोडली होती, शब्द तिथे मावत नाही. म्हणून इथे लिहिते.

सप्रेम.